डिस्नीच्या आवारातलं, पण डिस्नीचं नसलेलं हॉटेल

"ताई, तू सांगितलेलं हॉटेल डिस्नीतच आहे ना? की नुसतं जवळपास?" मावसबहिणीचा फोन आला की पहिला प्रश्न हा. मी न्यू जर्सीत राहते, आणि भारतातून येणाऱ्या नातेवाइकांची ऑर्लँडोची सहल आखून द्यायचं काम केव्हातरी माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. या प्रश्नाला मी आजवर एकदाही सरळ 'हो' म्हणू शकलेले नाही. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये 'डिस्नीतच' या शब्दाचे निदान तीन अर्थ होतात. जमीन डिस्नीची पण हॉटेल दुसऱ्याचं, असं असू शकतं. बहुतेक बाजूंना डिस्नीची जमीन आणि हॉटेलच्या पायाखालची तेवढी नाही, असंही असू शकतं. आणि जमीन कुणाचीही असो, डिस्नीने पाहुण्यांच्या सवलतींच्या यादीत त्या हॉटेलचं नाव घातलेलं असू शकतं. तुम्हाला काय मिळणार ते या तिसऱ्या गोष्टीवर ठरतं, पण जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली असते ती पहिली किंवा दुसरी.

जुन्या पुण्यातला वाडा डोळ्यांसमोर आणा. मालकांचं बिऱ्हाड दर्शनी भागात, चौकाभोवती भाडेकरू. चौक सगळ्यांचा, नळ सगळ्यांचा, गणपतीची आरतीही सगळ्यांची. पण मालकांच्या माडीवर कुणी जायचं, गच्चीवर पापड कुणी वाळत घालायचे, हे भाडेपावतीवर लिहिलेलं नसायचं, ते मालकांच्या मर्जीवर असायचं. डिस्नीच्या आवारातली भागीदार हॉटेलं म्हणजे या वाड्यातले भाडेकरू. काहींना गच्चीची किल्ली मिळालेली आहे, काहींना नाही.

आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आलेल्यांना ही कल्पना अगदीच नवी वाटणार नाही. पार्कला लागूनच २०१५ मध्ये नोवोटेल सुरू झालं, म्हणजे पार्कच्या दारात बाहेरच्या नामांकित साखळीचं हॉटेल. फरक आकाराचा आहे. इमॅजिकात हॉटेलातून निघालं की पार्क समोरच. फ्लोरिडात 'आवार' म्हणजे काय, ते आधी समजून घ्यावं लागतं.

वॉल्ट डिस्नी यांचं पहिलं पार्क, डिस्नीलँड, १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला उघडलं. जागा जेमतेम १६० एकर. पार्क चालायला लागलं तशी कुंपणाबाहेर मोटेलं आणि दुकानं उगवली. पाहुणे डिस्नीचे आणि गल्ला शेजाऱ्यांचा, हे वॉल्टना फार झोंबलं. मग फ्लोरिडात त्यांनी उलटं केलं. साठच्या दशकात वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी, गुपचूप, २७ हजार एकरांहून जास्त जमीन घेतली. दलदल आणि संत्र्यांच्या बागा. १ ऑक्टोबर १९७१ ला पार्क उघडलं ते पाहायला वॉल्ट नव्हते, ते १९६६ मध्येच गेले. आज ही मालमत्ता साधारण शंभर चौरस किलोमीटर भरते. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई सुमारे ६८ चौरस किलोमीटर. तेव्हा 'आवारातलं हॉटेल' हे ऐकायला शेजारी वाटलं, तरी गेटपर्यंतचा प्रवास कुलाब्याहून दादरला जाण्याइतका असू शकतो.

सगळी जमीन आपली असताना डिस्नीने दुसऱ्यांना हॉटेलं का बांधू दिली? सुरुवातीला हॉटेल चालवायचा अनुभव कमी होता आणि पैसा पार्कांत गुंतला होता. दुसऱ्याने इमारत बांधावी, जमिनीचं भाडं आपल्याला द्यावं आणि येणारे पाहुणे शेवटी आपल्याच पार्कांत यावेत, हा हिशेब कुठल्याही जमीनमालकाला आवडेल असाच आहे.

आता हे भाडेकरू कोण ते पाहू.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे स्वान आणि डॉल्फिन. ही जोडी १९९० मध्ये उघडली. वास्तुरचनाकार मायकेल ग्रेव्हज. एकाच्या छतावर ४७ फुटी हंस, दुसऱ्याच्या छतावर ५६ फुटी मासे. डॉल्फिन म्हणतात खरे, पण ते दिसतात जुन्या युरोपियन नकाशांतल्या समुद्री राक्षसांसारखे. माझ्या सासूबाई त्यांना बघताच म्हणाल्या, "हा तर मकर." गंगेच्या वाहनाशी त्याचं खरंच साम्य आहे. त्यांच्याशेजारी २०२१ मध्ये स्वान रिझर्व्ह नावाचं तिसरं हॉटेल आलं. जमीन डिस्नीची, तिन्ही हॉटेलं मॅरियटच्या नावाखाली. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या दोन पार्कांच्या बरोबर मध्ये.

डिस्नी स्प्रिंग्ज या दुकानं-रेस्टॉरंटांच्या वस्तीला लागून एका रस्त्यावर हिल्टन, डबलट्री, ड्रुरी, हॉलिडे इन अशी हॉटेलं रांगेने उभी आहेत. हीसुद्धा आवारातच. फोर सीझन्स २०१४ पासून आहे, पण त्याचे दर पाहिले की आमच्या घरात विषय बदलतो. शेड्स ऑफ ग्रीन हे हॉटेल अमेरिकन सैन्याचं आहे आणि तिथे सैन्याशी संबंधित पात्र कुटुंबांनाच राहता येतं. मुलगा आयटीत आणि सून अमेरिकन नौदलात अशी घरं आता आपल्याकडे निघू लागली आहेत, त्यांनी जरूर चौकशी करावी.

उरलं बॉनेट क्रीक. जमीन खरेदीच्या वेळी डिस्नीच्या हातून सुटलेला तुकडा. नकाशावर पाहिलं तर डिस्नीच्या पोटात, सात-बारावर मात्र वेगळा. तिथे वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया, हिल्टनचं सिग्निया, जेडब्ल्यू मॅरियट आणि विंडहॅमची घरासारखी, स्वयंपाकघरं असलेली मोठी युनिटं आहेत. 'डिस्नीच्या वेशीच्या आत' अशी जाहिरात दिसली आणि पत्त्यात बॉनेट क्रीक असलं, की दुसऱ्या अर्थाचं 'डिस्नीतच' आहे हे ओळखायचं.

गच्चीच्या किल्लीकडे, म्हणजे सवलतींकडे येऊ. खरा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश.

पहिली सवलत लवकर प्रवेशाची. पार्क सगळ्यांसाठी उघडण्याच्या अर्धा तास आधी, रोज, डिस्नी वर्ल्डच्या चारही पार्कांत. ही डिस्नीच्या स्वतःच्या सगळ्या हॉटेलांना मिळते, स्वान-डॉल्फिन-रिझर्व्हला मिळते, आणि अलीकडच्या वर्षांत डिस्नी स्प्रिंग्जच्या रस्त्यावरच्या हॉटेलांनाही मिळत आली आहे. दुसरी सवलत रात्रीची. ठरावीक रात्री, ठरावीक पार्कात, बंद झाल्यानंतर दोन तास थांबू देतात. ही डिस्नीच्या फक्त सगळ्यात वरच्या, महागड्या हॉटेलांना आहे, मधल्या आणि स्वस्त हॉटेलांना नाही. पण स्वान, डॉल्फिन आणि रिझर्व्ह हे भाडेकरू असूनही या यादीत आहेत. तिसरी सवलत रांग टाळायच्या पासाची, म्हणजे लाइटनिंग लेनची. पैसे सगळ्यांनाच मोजावे लागतात, पण २०२४ च्या जुलैपासून नियम असा आहे की डिस्नीच्या हॉटेलातले पाहुणे मुक्कामाच्या सात दिवस आधी सगळ्या दिवसांच्या वेळा निवडू शकतात आणि बाहेरचे फक्त तीन दिवस आधी. स्वान-डॉल्फिनवाले इथेही सात दिवसांच्या बाजूला आहेत.

प्रत्येक सवलतीची यादी वेगळी असते, हे ध्यानात ठेवा. एक मिळते म्हणून दुसरी मिळेलच असं नाही. आणि भागीदारांच्या बाबतीत डिस्नी हे कायमचं लिहून देत नाही, मुदती वाढवत नेते. म्हणून बुकिंग करताना तुमच्या तारखांपुरती यादी डिस्नीच्याच संकेतस्थळावर बघायची. हॉटेलच्या पानावर 'डिस्नीचे फायदे' एवढं मोघम लिहिलेलं असेल तर ते वाचून न वाचल्यासारखं करायचं.

आता माझं मत सांगते. मुलं दहा वर्षांच्या पुढची असतील, रात्री जागायची तयारी असेल, तर त्या रात्रीच्या दोन तासांसाठी स्वान-डॉल्फिन घेणं हा आवारातला सगळ्यात चोख सौदा आहे. दिवसा ज्या राइडसाठी दीड तास उभं राहायचं, तिथे रात्री पंधरा-वीस मिनिटांत बसून बाहेर आलेलो आहोत. पण घरात चार वर्षांचं मूल असेल, आठ वाजता डोळे चोळायला लागणारं, तर ही सवलत कागदावरच राहते. तिचे पैसे कशाला मोजायचे?

लवकर प्रवेशाचंही तसंच, थोडं वेगळ्या कारणाने. पार्क नऊला उघडणार असेल तर तुम्हाला साडेआठला आत सोडतात. पण साडेआठला गेटपाशी पोहोचलात तर अर्धी सवलत रांगेत गेली, पावणेनऊला पोहोचलात तर सगळीच. साडेआठचा फायदा हवा तर आठच्या आसपास गेटवर उभं राहावं लागतं. आणि हॉटेल कुणाचं आहे यापेक्षा हॉटेलची बस कुणाची आहे, हा प्रश्न इथे मोठा होतो.

मॅजिक किंगडम, म्हणजे सिंड्रेलाचा राजवाडा असलेलं मूळ पार्क, एका तळ्यापलीकडे आहे. डिस्नीच्या हॉटेलांच्या बस थेट पार्कच्या दाराशी थांबतात. बाहेरच्या कंपन्यांच्या हॉटेल-बस बहुधा तळ्याच्या अलीकडच्या स्थानकावर सोडतात. तिथे उतरायचं, तपासणी करून घ्यायची, मग मोनोरेल किंवा फेरीबोट पकडायची आणि पलीकडे जायचं. नकाशावर ही रेघ दोन सेंटिमीटरची दिसते. प्रत्यक्षात बाबागाडी घडी करा, आजोबांचा हात धरा, पुढची मोनोरेल भरून गेली म्हणून थांबा, यात वीस-पंचवीस मिनिटं कुठे जातात कळत नाही. एकदा आम्ही सात वाजून दहा मिनिटांनी हॉटेलबाहेर उभे होतो. बस साडेसातला आली. ती आधी दुसऱ्या हॉटेलला गेली, मग तिसऱ्या. गेटवर पोहोचलो तेव्हा नऊला पाच कमी. भाचा म्हणाला, "मावशी, आपण स्पेशल लोक ना?" उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

तेव्हापासून मी हॉटेलला एकच प्रश्न विचारते: मॅजिक किंगडमची पहिली बस सकाळी किती वाजता सुटते, आणि ती नेमकी कुठे सोडते? समोरचा माणूस "दर अर्ध्या तासाने" म्हणाला की विचारायचं, "पहिली?" बरेचदा पहिली बस लवकर प्रवेशाच्या दृष्टीने उशिराच असते. मग उबर गृहीत धरायची आणि तिचे पैसे हॉटेलच्या भाड्यात मिळवूनच तुलना करायची.

स्वान-डॉल्फिनची खरी ताकद मात्र बसमध्ये नाही, पायांत आहे. तिथून एपकॉटच्या मागच्या दारापर्यंत दहा-बारा मिनिटांत चालत जाता येतं, हॉलिवूड स्टुडिओजला पंधरा-वीस. दोन्हीकडे तळ्यातून छोट्या बोटीही जातात. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, हे भारतातून येणाऱ्यांना सांगून पटत नाही, कारण सकाळी कडक ऊन असतं. आपले बहुतेक नातेवाईक मुलांच्या सुटीत, म्हणजे मे-जूनमध्येच येतात. अशा वेळी दुपारी खोलीवर येऊन दोन तास पाठ टेकायची आणि साडेपाचला पुन्हा पार्कात जायचं, हे चालत जाण्याच्या अंतरावर असलं तरच होतं. बसने जाऊन येऊन दीड तास मोडणार असेल तर कुणी येत नाही. सगळे पार्कातल्या बाकांवर पेंगत बसतात आणि संध्याकाळी भांडतात. वर्षानुवर्षं हेच पाहिलंय मी.

तुम्हाला मुख्यतः मॅजिक किंगडम हवं असेल, म्हणजे मुलं लहान असतील, तर हे सगळं उलट होतं. स्वान-डॉल्फिनचा चालण्याचा फायदा तुमच्या कामाचा नाही. डिस्नीचं स्वतःचं, थेट बस असलेलं साधं हॉटेल जास्त सोयीचं पडेल. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज हवेत पण स्वस्तात, तर २०१९ पासून स्कायलायनर नावाची केबल कार आहे, ती डिस्नीच्या पॉप सेंच्युरीसारख्या स्वस्त हॉटेलांनाही या दोन पार्कांशी जोडते. भागीदार हॉटेलांपैकी कुणाकडेही ती जात नाही.

आता पैसे. आकडे माझ्या मनाचे घेते, फक्त हिशेबाची रीत दाखवायला.

समजा डिस्नीच्या मधल्या दर्जाच्या हॉटेलची खोली रात्रीला ३३० डॉलर आहे आणि भागीदार हॉटेलची २५०. ऐंशी डॉलरचा फरक, कुणीही दुसरीकडे वळेल. पण भागीदार हॉटेल रोज 'रिसॉर्ट फी' लावतं, समजा ५०. वायफाय, व्यायामशाळा, पाण्याच्या बाटल्या वगैरेंसाठी म्हणे. डिस्नी स्वतःच्या हॉटेलांत ती लावत नाही. खोली आणि फी मिळून ३००, त्यावर ऑरेंज काउंटीचे, म्हणजे ऑर्लँडो ज्या जिल्ह्यात येतं तिथले, १२.५ टक्के कर, झाले ३३७ डॉलर ५० सेंट. डिस्नीचे ३३० आणि त्यावर तेवढाच कर, ३७१ डॉलर २५ सेंट. म्हणजे ऐंशीचा फरक चौतिसावर आला. तुमच्याकडे भाड्याची गाडी असेल तर पुढे वाचा. भागीदार हॉटेलात रात्रीचं पार्किंग बहुधा विकत असतं, समजा ४०. डिस्नीने आपल्या पाहुण्यांसाठी ते जानेवारी २०२३ पासून पुन्हा फुकट केलं आहे. आता भागीदाराचे ३७७ डॉलर ५० सेंट झाले, पार्किंगवरचा कर सोडून. स्वस्त हॉटेल महाग झालं. शिवाय डिस्नीच्या पाहुण्यांना पार्कांचं साधं पार्किंगही फुकट असतं. तुमच्या हॉटेलला ते आहे का, हा प्रश्नही यादीत घाला.

गाडी नसेल तर मात्र चौतीस डॉलर गुणिले पाच रात्री, जवळजवळ १७० डॉलर हातात राहतात. तेव्हा 'भागीदार हॉटेलं स्वस्त असतात का?' याचं उत्तर मी 'गाडी घेणार आहात का?' असं विचारून देते.

एक बरी गोष्ट झाली आहे. मे २०२५ पासून अमेरिकेत केंद्रीय नियम लागू झाला: हॉटेलांना अशी सक्तीची फी आधीच दाखवलेल्या दरात मिळवून दाखवावी लागते. पूर्वी २५० दिसायचे आणि शेवटच्या पानावर ५० उगवायचे, ते बंद झालं. कर आणि ऐच्छिक पार्किंग मात्र अजूनही वेगळे असू शकतात. जुने व्हिडिओ बघून हिशेब करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, नाहीतर एकच फी दोनदा मोजाल. जुन्या व्हिडिओंचं आणखी एक: विमानतळावरून डिस्नीची फुकट बस असते, असं ज्यात सांगितलंय तो २०२२ च्या आधीचा आहे. ती बंद झाली. आणि होती तेव्हाही ती डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलांसाठी होती, स्वान-डॉल्फिनसाठी नव्हती.

पॉइंट्सवाल्यांचं गणित वेगळंच. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत प्रत्येक घरी एक जण असा असतो, की जो वर्षानुवर्षं सोमवारी सकाळी क्लायंटकडे आणि गुरुवारी रात्री घरी, आणि खात्यात हॉटेल-मुक्कामांवर मिळणारे मॅरियटचे किंवा हिल्टनचे पॉइंट्स साचलेले. डिस्नीचं हॉटेल या पॉइंट्सवर मिळत नाही. पण स्वान-डॉल्फिन मॅरियटचं, डिस्नी स्प्रिंग्जजवळ हिल्टनची दोन-तीन. मॅरियटमध्ये पॉइंट्सवर सलग पाच रात्री घेतल्या तर चार रात्रींचेच पॉइंट्स जातात. हिल्टन पूर्ण पॉइंट्सच्या मुक्कामावर रिसॉर्ट फी घेत नाही, मॅरियटकडे ती सहसा द्यावी लागते. ज्यांच्याकडे हा साठा आहे त्यांनी बाकी सगळा लेख विसरला तरी चालेल. खोली फुकट असेल तर वीस मिनिटं बस जास्त, एवढं सोसायला हरकत नाही. स्वान-डॉल्फिन शिक्षक आणि परिचारिकांना खास दर देतं, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. माझी वहिनी शाळेत शिकवते, ती ओळखपत्र दाखवून दरवेळी अभिमानाने तो दर घेते.

बुकिंग कुठून केलं यानेही फरक पडतो. सवलती मिळण्यासाठी हॉटेलचा बुकिंग क्रमांक डिस्नीच्या ॲपमधल्या तुमच्या खात्याला जोडावा लागतो. स्वस्त दिसलं म्हणून तिसऱ्याच संकेतस्थळावरून घेतलेल्या खोलीचा क्रमांक त्या संकेतस्थळाचा असतो, हॉटेलचा नव्हे. दिराने तसं केलं होतं. तो जोडायला गेला तर ॲप म्हणे असं बुकिंगच नाही. शेवटी हॉटेलला फोन करून त्यांचा स्वतःचा क्रमांक मिळवला. तोवर सात दिवसांची खिडकी उघडून अर्धा दिवस उलटला होता आणि हव्या त्या राइडच्या सकाळच्या वेळा संपल्या होत्या. वर अशा बुकिंगवर पॉइंट्सही मिळत नाहीत. तेव्हा दोन-चार डॉलर जास्त पडले तरी हॉटेलकडूनच घ्या.

छोट्या गोष्टीही आहेत. डिस्नीच्या हॉटेलात राहिलात की मनगटावरचा पट्टा टेकवून पार्कातलं जेवण खोलीच्या बिलात टाकता येतं, भागीदार हॉटेलातून ते होत नाही. खोलीत मिकी नसतो. स्वान-डॉल्फिनमध्ये मोठमोठी अधिवेशनं भरतात, त्यामुळे लिफ्टमध्ये गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली माणसं आणि तुमची मिकीचे कान घातलेली मुलगी एकत्र उभी असतात. ज्यांना उठल्यापासून झोपेपर्यंत जादूच हवी, त्यांची निराशा होते. मला स्वतःला रात्री मिकीपासून थोडी सुटका आवडते.

आणि आपल्या लोकांचा खरा प्रश्न: माणसं किती आणि पोळी-भाजीचं काय. हॉटेलची साधी खोली चौघांची असते. आजी-आजोबांसह सहा जण म्हणजे दोन खोल्या, म्हणजे दोनदा भाडं आणि दोनदा रिसॉर्ट फी. इथे बॉनेट क्रीकचं स्वयंपाकघरवालं मोठं युनिट सगळ्या हिशेबांना मागे टाकतं. सकाळी पोहे, रात्री खिचडी, आणि सासऱ्यांचा चहा त्यांच्या पद्धतीने. फक्त एक सावधगिरी. अशा ठिकाणी चेक-इनच्या वेळी "छोटीशी माहिती घ्या, फुकट तिकिटं मिळतील" असं गोड आमंत्रण येऊ शकतं. एका ठिकाणी आम्ही भुललो. 'छोटीशी' म्हणजे अडीच तास, समोर टाइमशेअर, म्हणजे सुटीच्या घरातला वर्षातून ठरावीक दिवसांचा वाटा, विकणारा गृहस्थ आणि त्यानंतर त्याचा वरिष्ठ. सासरे शेवटी मराठीत म्हणाले, "याला सांग, नाशिकचा फ्लॅटच अजून फिटला नाही." ते भाषांतर मी केलं नाही, पण चेहरा बघून त्याला कळलं असावं.

शाकाहारी मंडळी स्वयंपाकघराशिवाय राहत असतील तर एक संध्याकाळ ॲनिमल किंगडम लॉजमधल्या साना रेस्टॉरंटसाठी ठेवा. तिथल्या भट्टीतल्या नानबरोबर येणाऱ्या चटण्या-कोशिंबिरींचं ताट आपल्या माणसांना घरचं वाटतं. जेवायला त्या हॉटेलात राहायलाच हवं असं नाही. बाहेर कुरणात जिराफ चरत असतात, आत आजोबा नानचा दुसरा तुकडा मोडत असतात.

हेच शब्द दुसऱ्या देशात वेगळ्या अर्थाने भेटतात, म्हणून तेवढं सांगते. टोकियोत डिस्नीचं रिसॉर्ट ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी चालवते. तिथे आवारातल्या बाहेरच्या हॉटेलांना, जसं हिल्टन, शेरेटन, ओकुरा, 'ऑफिशियल' म्हणतात आणि 'पार्टनर' म्हणजे मोनोरेलच्या वर्तुळाबाहेर, शिन-उरायासू नावाच्या भागात. पार्टनर शब्द वाचून जवळचं समजाल तर फसाल. मोनोरेललाही तिथे तिकीट लागतं, आणि पंधरा मिनिटं आधी आत जाण्याची सोय फक्त डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलांना आहे. टोकियोतल्या निशी-कसाई या भारतीयांच्या वस्तीत कुणी नातेवाईक राहत असतील तर हॉटेलच कशाला? नदीपलीकडेच तर पार्क. पॅरिसमध्ये भागीदार हॉटेलं पार्कपासून थोडी दूर, शटल बसच्या अंतरावर आहेत आणि सकाळच्या जादा वेळेची सवलत त्यांना नाही. आणि ऑर्लँडोतच, युनिव्हर्सल या डिस्नीच्या स्पर्धक पार्कच्या आवारातली हॉटेलं लोज या कंपनीबरोबर भागीदारीत चालतात. पण तिथे भाडेकरू-मालक हा भेद पाहुण्याला जाणवत नाही. उलट त्यांतल्या तीन महागड्या हॉटेलांत, पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक, खोलीबरोबर युनिव्हर्सलच्या दोन जुन्या पार्कांचा रांग टाळायचा पास फुकट मिळतो. २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स पार्कात तो चालत नाही.

मावसबहिणीला यंदा मी स्वान सांगितलं. तिची मुलं तेरा आणि सोळाची, गाडी नाही, भावाकडे मॅरियटचे पॉइंट्स पडून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "निघायच्या दिवशी अकराला खोली सोडायची, मग फ्लाइट रात्री साडेनऊची, दिवसभर काय करायचं?" याचं उत्तर सोपं आहे. लवकर प्रवेशाची सवलत खोली सोडायच्या दिवशीही चालते. सामान सकाळीच बेल डेस्कवर ठेवायचं, पावती फोटो काढून ठेवायची, चालत एपकॉटला जायचं आणि विमानतळाच्या उबरसाठी पाच वाजता परत यायचं. पावती तिच्या नवऱ्याकडे देऊ नकोस, एवढं मात्र मी तिला दोनदा सांगितलंय.